नवें गाणें घरांत येतें तेव्हां

नवें गाणें सांपडलें कीं तें केव्हां एकदां दुसऱ्याला ऐकवितों असें ज्याला होत नाहीं, त्याला तें गाणें पुरतेपणीं आवडलेंच नाहीं, असें आमचें मत आहे. बेसनाचा लाडू एकट्यानें खाल्ला तरी गोड लागतो. कादंबरी एकट्यानें वाचली तरी ती वाचून होते. गाण्याची गोष्ट निराळी. एखादी अनोळखी चाल कानांत शिरून मनांत घोळूं लागली कीं माणूस अस्वस्थ होतो, आणि घरांत जो कोणी प्रथम दृष्टीस पडेल त्याला 'अहो, हें जरा ऐका' असें म्हटल्यावांचून त्या अस्वस्थतेला उतार पडत नाहीं. ज्याला ऐकवावयाचें तो त्या वेळीं बहुधा भाजी निवडीत असतो, नाहींतर वाण्याचा हिशेब पाहत असतो. तो तोंडदेखलें 'बरें आहे' म्हणतो, आणणारा हिरमुसतो, आणि ती चाल जशी आली तशी निघून जाते. एकत्र कुटुंबांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांनीं हा प्रसंग दहा वेळां तरी पाहिला असेल.

प्रसंग क्षुल्लक खरा, परंतु घराची अभिरुचि त्यावरच वाढते किंवा खुंटते. म्हणून नवें संगीत घरांत कोणत्या वाटेनें येतें, उंबरठ्यावर त्याला कोण अडवितें, आणि आंत आल्यावर तें आपलें कसें होतें, याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आलें.

आमचें राहणें वाणगांवास. पश्चिम रेल्वेवर बोईसर व डहाणू रोड यांच्या मधलें हें स्थानक. मुंबईहून शंभर किलोमीटरांच्या थोडें पलीकडे. २०१३ सालीं उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धांवूं लागल्या, आणि तेव्हांपासून सकाळीं मुंबईच्या दिशेनें जाऊन रात्रीं घरीं परतणाऱ्यांची संख्या वाढली. भोंवतीं चिकूच्या वाड्या आणि मिरचीचे मळे, पश्चिमेस समुद्र व मांगेल्यांच्या वस्त्या, पूर्वेस डोंगर व वारल्यांचे पाडे. नैर्ऋत्येस तारापूरचें अणुवीज केंद्र. तें १९६९ सालीं सुरू झालें, आणि त्याबरोबर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतलीं कुटुंबें या भागांत राहावयास आलीं. मागून कारखान्यांनीं आणखी आणलीं. त्यामुळें ज्याचा कान उघडा आहे त्याला येथें गाण्याचा तोटा नाहीं. सकाळच्या गाडींत एखाद्या डब्यांत टाळांच्या गजरावर भजन रंगलेलें असतें. नवरात्रांत गुजराथी शेजाऱ्यांकडे गरबा. त्याच दिवसांत वसाहतींतल्या तामिळ घरीं, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढें, हळदीकुंकवाला आलेल्या बायका एकीमागून एक कृति गातात. बंगाली मंडळी दुर्गापूजेंत रवींद्रनाथांचीं गाणीं म्हणतात. लग्नसराईंत किनाऱ्याकडून बँडचा आवाज येतो. आणि पावसाळा सरतांना, वारा पूर्वेकडून आला तर, कोठून तरी तारप्याचा घुमारा.

इतकें सारें दाराशीं असतां घरांत काय वाजतें? वडिलांच्या काळीं जें वाजत होतें तेंच. आणि मुलांच्या कानांत काय वाजतें तें मुलांनाच ठाऊक.

उंबरठ्यावर उभा राहणारा पहारेकरी प्रत्येक घरांत एक असतोच. आमच्या घरीं तें काम थोरल्या काकांकडे आहे. त्यांनीं ऐंशी ओलांडलीं, श्रवण अजून उत्तम आहे, आणि मत असें आहे कीं बालगंधर्वांच्या नंतर जें झालें तें गाणें नसून गलका आहे. (बालगंधर्व त्यांनीं तबकड्यांवरच ऐकले, ही गोष्ट त्यांच्यापुढें काढावयाची नसते.) काकांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याला एक गोष्ट मनापासून आवडते त्याच्याशींच दुसरीविषयीं बोलण्यांत कांहीं अर्थ असतो. परंतु काका ज्या पदांना आपलीं, घरचीं, सोंवळ्यांतलीं समजतात त्यांचा इतिहास पाहूं लागलें कीं मौज वाटते. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेव्हां त्यांतल्या चाली साकी-दिंडीच्या, कीर्तनांतल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या अशा नाना ठिकाणांहून गोळा केलेल्या होत्या. १९११ च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनीं चाली दिल्या त्या उत्तरेकडील पूरब गायकीचा रंग घेऊन. १९१६ च्या 'स्वयंवरां'त भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालाची घडण आणली. आणि 'एकच प्याला'? गडकऱ्यांच्या त्या नाटकाचीं पदें विठ्ठल सीताराम गुर्जरांनीं लिहिलीं, आणि चाली मिळाल्या सुंदराबाई जाधव यांच्याकडून. ठुमरी, दादरा, गझल यांचें मोठें भांडार या बाईंपाशीं होतें. चूल आणि पाळणा यांपलीकडे जिला जग नाहीं त्या सिंधूच्या तोंडून महाराष्ट्रानें १९१९ सालीं ज्या चाली ऐकल्या त्या उत्तरेच्या मैफलींत वाढलेल्या होत्या. त्या मैफलींचें नांवहि ज्या घरांत कोणी काढलें नसतें, त्या घरांतल्या लेकी-सुना तीं पदें गुणगुणूं लागल्या, आणि दोन पिढ्यांत पाहुणी चाल माहेरवाशीण होऊन बसली.

आम्हीं हें सर्व एकदां काकांस ऐकविलें. 'असेल,' ते म्हणाले, 'पण त्या काळचे पाहुणेच निराळे होते.' यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

नवें गाणें दुसऱ्याच्या गळीं उतरविण्याची विद्या ज्यांना साधली होती अशा मराठी माणसांत केशवराव भोळे यांचें नांव आम्ही पहिलें घेऊं. १८९६ सालचा त्यांचा जन्म. वैद्यकी शिकण्याकरितां ते मुंबईस आले, ती बाजूला राहिली, आणि गृहस्थ गाण्यांत रमले. त्यांच्या कानाला वर्ज्य असें कांहीं नव्हतें. ख्याल, भजन, नाटकांतलीं पदें, साहेबाचें वाद्यसंगीत, सर्व ते सारख्याच कुतूहलानें ऐकत. ऐकून गप्प बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. 'एकलव्य' हें टोपणनांव घेऊन त्यांनीं गायकांवर लेख लिहिले; अमुक गायकांत काय ऐकावें, कोठें कान द्यावा, हें सामान्य वाचकाला समजेल अशा मराठींत सांगितलें. गाण्याची आवड दुसऱ्याला लावण्याचा हा एक मार्ग झाला. दुसरा त्यांनीं स्वतः चाली देऊन दाखविला.

१९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक रंगभूमीवर आणलें. मूळ नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाचें. मराठी रूप श्रीधर विनायक वर्तकांचें. तोंवर संगीत नाटक म्हटलें कीं पदांची रांग आणि 'वन्स मोअर'चा मारा. या नाटकांत गाणीं मोजकीं, लहान, प्रसंगाला धरून. गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे. पुढें केशवराव प्रभात कंपनींत गेले. १९३६ च्या 'संत तुकारामा'ला त्यांचें संगीत आहे. त्या चित्रपटाकरितां शांताराम आठवल्यांनीं रचलेला एक अभंग जाणत्या लोकांनींसुद्धां तुकोबांचाच समजला, इतका तो शब्दांनीं आणि चालीनें वारकरी होता. आणि त्याच केशवरावांनीं पुढच्याच वर्षीं, १९३७ च्या 'कुंकूं'त, शांता आपट्यांच्या तोंडीं लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली. एका वर्षीं टाळमृदंग, दुसऱ्या वर्षीं इंग्रजी काव्य!

यांतलें मर्म आमच्या मतें असें आहे, कीं त्यांनीं नवी वस्तु उघड्यावर आणून टाकली नाहीं. इंग्रजी गाणें म्हणावयास त्यांनीं मडमेला उभें केलें नाहीं. नऊवारी संसारांत कोंडलेल्या एका मराठी मुलीला तें म्हणूं दिलें. प्रेक्षकांना ती मुलगी आधींच आपली वाटत होती, म्हणून तिचें गाणेंहि परकें वाटलें नाहीं. घरांत नवें गाणें आणणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

भोळे यांचा मार्ग ऐकविणाऱ्याचा. ऐकणाऱ्यानें काय करावें याचा धडा आम्हांस एका परदेशी माणसाकडून मिळतो, आणि त्याची एक रचना आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. पहांटे आकाशवाणी उघडतांना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची जी लहानशी धून वाजते, जिच्यांत पुष्कळांना शिवरंजनी दिसतो, ती वॉल्टर काउफमान या संगीतकाराची. बोहेमियांतल्या कार्ल्सबाडचा हा यहुदी गृहस्थ, हिटलरी अमलाचें सावट युरोपावर पडूं लागलें तेव्हां, १९३४ सालीं मुंबईस आला. पुढें येथील नभोवाणींत पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्याच्याकडे होता. त्यानें हिंदी संगीताच्या तबकड्या पहिल्यानें ऐकल्या तेव्हां त्याला त्यांतलें कांहीं एक कळलें नाहीं. दुसरा कोणी असता तर 'हा गलका आहे' म्हणून मोकळा झाला असता. यानें मनाशीं असा विचार केला, कीं लक्षावधि माणसें ज्यावर प्रेम करितात तें मला समजत नसेल तर दोष माझाच असला पाहिजे. आणि जेथें तें गाणें जन्मलें तेथें जाऊन शिकावें हें बरें. शिकलाहि तो, उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्याचा मोठा ग्रंथ १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. काकांना ही धून लहानपणापासून पाठ आहे. ती कोणाची हें कळल्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

पूर्वी घरांत नवें गाणें येण्याला एक सोय होती, ती म्हणजे यंत्र एकच असे. १९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हांपासून पुढील कित्येक वर्षें तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें आणि माजघरांतला एक ग्रामोफोन हाच पुष्कळ घरांचा संगीतसंसार होता. मागून रेडिओ आला, तोहि एकच. कोणी एकानें खुंटी फिरविली कीं सर्वांना तें ऐकावें लागे. १९५२ सालीं रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. त्या सुमारास बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीचे मंत्री असतां आपल्या केंद्रांवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं होतीं. केसकर विद्वान, संगीताचे खरे भोक्ते. शास्त्रोक्त गाण्याला आश्रय मिळावा हा त्यांचा हेतु. परंतु लोकांनीं खुंटी सिलोनकडे फिरविली, आणि १९५७ च्या ३ ऑक्टोबरला सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली. त्या काळीं एकाच खोलींत बसून आजी कपाळाला आठ्या घालीत असे व नात ताल धरीत असे. भांडण होई, पण दोघींच्या कानांत एकच गाणें असे. आज घरांत माणसें नऊ आणि यंत्रें अकरा. पृथ्वीच्या पाठीवरचें कोणतेंहि गाणें हातांतल्या फोनवर क्षणांत मिळतें, आणि इअरफोनच्या दोन बोंडांतून तें एकाच डोक्यांत जाऊन राहतें. शेजारीं बसलेल्याला ओठांची हालचाल तेवढी दिसते. मुंबईस १९९० सालीं जुन्या तबकड्या जमविणाऱ्यांनीं 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन केली. आपल्याजवळची तबकडी दुसऱ्यानें ऐकली तरच ती जमविण्याचें सार्थक, ही त्या छंदामागची भावना आम्हांस फार पटते. घरांतहि असें कांहीं करावें असें वाटूं लागलें, त्याची हकीकत आतां सांगतों.

दीड वर्षापूर्वी आमच्या घरीं शनिवारची बैठक सुरू झाली. सूचना धाकट्या वहिनींची. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओटीवर बसावयाचें. दर शनिवारीं एकाची पाळी. त्यानें आपल्याला नव्यानें सांपडलेलें एकच गाणें आणावयाचें, दहा मिनिटांच्या आंतलें. आधीं स्तुति करावयाची नाहीं. गाणें दोनदां लावावयाचें. पहिल्या वेळीं कोणी बोलावयाचें नाहीं. दुसऱ्या वेळेनंतर 'मला आवडलें नाहीं' म्हणण्याचा हक्क लहानथोर सर्वांना. गाणें दोनदां ऐकण्याचा नियम प्रथम जाचक वाटला. तोच सर्वांत उपयोगी ठरला, कारण पहिल्या खेपेस अनोळखी गाण्यांतलें अनोळखीपणच ऐकूं येतें.

प्रारंभीं काका येत नसत. काकी गेल्यापासून जेवण होतांच आपल्या खोलींत जाऊन दिवा मालविण्याची त्यांची रीत पडली होती, आणि ती मोडण्याचें धैर्य कोणालाहि झालें नव्हतें. ओटी आणि त्यांची खोली यांमध्यें एक दार आहे. तें बैठकीच्या वेळीं उघडें राहूं लागलें एवढें आम्हीं पाहिलें होतें.

बोईसरला एका कारखान्याच्या कचेरींत नोकरी करणाऱ्या पुतणीनें एकदां पोर्तुगालची अमालिया रॉद्रिगिश ही गायिका आणली. फादो या नांवाचें तें गाणें, दोन गिटारी आणि विरहाचा सूर. शब्द एकहि कळेना. गाणें संपल्यावर मधल्या काकू, ज्यांचें माहेर गोव्याचें, म्हणाल्या, 'आमच्याकडे ख्रिस्ती शेजारी लग्नांत मांडो म्हणत, त्याची ही मावशी दिसते.' आणि त्यांनीं, ज्यांना आम्हीं आरतीपलीकडे कधीं गातांना ऐकलें नव्हतें, लहानपणीं ऐकलेल्या एका मांडोची चाल अडखळत म्हणून दाखविली. पुतणी बघतच राहिली. लिस्बनहून निघालेलें गाणें तिला काकूंच्या माहेरीं घेऊन गेलें होतें.

सगळेंच काहीं असें जुळत नाहीं. दुसऱ्या पुतण्यानें मराठी रॅप आणलें, तें आमच्या पिढीला रुचलें नाहीं, आणि आम्हीं तसें सांगितलें. उघड्या दारांतून काकांचा आवाज आला, 'ताल पक्का आहे. शब्द पळतात. कागदावर लिहून दे.' दुसऱ्या दिवशीं त्यांनीं चष्मा लावून तो कागद दोनदां वाचला व दोन ओळींखालीं पेन्सिलीनें रेघ मारली. तो कागद पुतण्यानें जपून ठेवला आहे.

वहिनींची पाळी आली तेव्हां त्यांनीं वसाहतींतल्या तामिळ मैत्रिणीकडून ऐकलेलें एम. एस. सुब्बुलक्ष्मींचें गाणें लावलें. त्यागराजांची कृति. तें संपतें न संपतें तोंच काका खोलींतून बाहेर आले. 'हें तुम्ही नवें म्हणून आणतां?' त्यांनीं विचारलें, आणि आपल्या वडिलांच्या संग्रहांतली अब्दुल करीम खांसाहेबांची तबकडी शोधावयास सांगितली. किराण्याचे खांसाहेब, १८७२ ते १९३७ हा त्यांचा काळ, मिरजेस त्यांचें वास्तव्य. दक्षिणेंत त्यांचें जाणेंयेणें असे, तिकडच्या सरगमाचा त्यांना छंद लागला, आणि त्यागराजांची एक कृति त्यांनीं तबकडीवर गायिलेली आहे. ती त्या रात्रीं आमच्या ओटीवर वाजली, खरखर व सूर मिळून. काका नियमाप्रमाणें म्हणाले, 'पुन्हां लावा.' त्या शनिवारपासून ते बैठकीला बसतात. आपल्या पाळीची तयारी ते बुधवारपासून करितात व कोणाला सुगावा लागूं देत नाहींत.

एक जण मात्र येत नसे. धाकट्या भावाचा मुलगा, वय वर्षें सतरा, कानांत बोंडें घालून गच्चीवर. त्याला कोणी बोलाविलें नाहीं, कारण बोलावून आणलेला श्रोता डोळे मिटून बसतो तें झोपेनें. गेल्या भाद्रपदांत तो आपण होऊन आला आणि फोन मध्यें ठेवून म्हणाला, 'माझें आहे. मीं रेकॉर्ड केलें आहे.' फोनमधून तारपा वाजूं लागला. कॉलेजांतल्या एका वारली मित्राच्या पाड्यावर तो तीन-चार वेळां जाऊन आला होता; पाडा आमच्या घरापासून सायकलीनें अर्ध्या तासावर.

वारली चित्रकला आज कोठें नाहीं? विमानतळाच्या भिंतीवर, चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर. या आमच्याच तालुक्यांतल्या गंजाड गांवच्या जिव्या सोमा मशे यांनीं ती देशोदेशीं नेली. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते निवर्तले. त्या चित्रांत माणसांची एक साखळी सर्पाकार फिरत असते, व तिच्या मध्यभागीं एक जण लांब वाद्य फुंकीत असतो. चित्र सर्वांना ठाऊक. पण तो काय फुंकतो आहे, त्याचा आवाज कसा, हें कपानें चहा पिणाऱ्यांपैकीं शंभरांत एकाला तरी ठाऊक असेल काय?

आश्विनांत आम्ही त्या पाड्यावर गेलों. मुलाच्या मित्राच्या वडिलांनीं या म्हटलें होतें. काकांना रिक्षांतून नेलें. तारपा जवळून पाहिला. वर वाळलेला भोपळा, त्यांत फुंकर, खालीं बांबूच्या दोन नळ्या, आंत जिभल्या, शेवटाला ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाचे. नव्या धान्याच्या दिवसांत तो वाजवावयाचा. मंडळी एकमेकांच्या कमरेमागें हात गुंफून वाजविणाऱ्याभोंवतीं फिरूं लागलीं. त्याच्याकडे पाठ करावयाची नाहीं ही रीत. त्यानें चाल बदलली कीं पावलें बदलतात, फिरण्याची दिशा बदलते. आज्ञा देणारा शब्द एकहि नसतो. फोनमधून जो एकसुरी घुमारा वाटला होता त्यांत, तेथें अंगणांत बसल्यावर, लहान लहान वळणें ऐकूं येऊं लागलीं. काकांनीं अर्धा तास मान हलविली नाहीं. मग हळूच विचारलें, 'हा श्वास कोठें घेतो?' गवयांचा दमसांस मोजण्यांत त्यांचा जन्म गेला होता आणि येथें सूर तुटतच नव्हता. वाजविणारे बाबा, वयानें काकांच्या जवळपासचे, थांबल्यावर हंसले. गाल फुगवून त्यांनीं दाखविलें, कीं तोंडांतला वारा नळीला पुरवावयाचा व त्याच वेळीं नाकानें नवा आंत घ्यावयाचा. 'लहानपणीं पाण्यांत काडी फुंकून शिकलों,' ते म्हणाले. मग त्यांनीं काकांस विचारलें, 'तुमचें काय?' काका थोडे घोटाळले. पण विचारणारा अधिकारी आहे हें ओळखून त्यांनीं भीमपलासांतलें एक पद, आवाज लागेल तसें, म्हटलें. पाड्यावरच्या मंडळींनीं तें शांतपणें ऐकलें. त्यांच्याकडेहि, दिसलें, पहिल्या वेळीं बोलण्याची पद्धत नाहीं.

बाबांचा नातू, आमच्या मुलाचा मित्र, लग्नांत साऊंड सिस्टिम लावण्याच्या धंद्यांत हात घालूं पाहतो. त्यांत चार पैसे आहेत. तारपा शिकणार काय, असें काकांनीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, 'बघूं.' बाबा म्हणाले, 'वाजवणारा मिळंल. बनवणारा कुठनं मिळंल?' या भागाचें रूप आतां झपाट्यानें पालटत आहे. येथून जवळच वाढवण येथें मोठें बंदर व्हावयाचें आहे. २०२४ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें त्याला मंजुरी दिली. त्याबरोबर नवी माणसें येतील, त्यांचीं नवीं गाणींहि येतील, तीं ऐकावयास आम्ही उत्सुक आहों. पण त्या गर्दींत बाबांचा सूर राहावा, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. आमचा मुलगा आतां पाण्यांत काडी फुंकण्याचा अभ्यास करितो. स्नानगृहांत बराच वेळ जातो, त्यावरून घरांत कटकटी होतात.

पाड्यावरून निघतांना आम्हांस आणखी दोन आमंत्रणें मिळालीं. वारली लग्नांत धवलेरी म्हणजे लग्नाचीं गाणीं गाणारी बाई. ती गाते तेव्हांच लग्न लागतें, त्या वेळीं या. आणि भगत घांगळी वाजवून कणसरी देवीची कथा गातो, ती रात्रभर चालते, त्या वेळींहि या. घांगळी म्हणजे दोन भोपळ्यांची, बिनेच्या जातीची. काकांनीं दोन्हीं मान्य केलीं आहेत आणि डॉक्टरांना विचारावयाचें नाहीं असें ठरविलें आहे.

ज्या घरांत अशी बैठक सुरू करावयाची असेल त्यांनीं आमच्या मतें वडील माणसाच्या ओळखीच्या सुरापासून आरंभ करावा. आकाशवाणीची ती धून लावून ती कोणाची हें मागून सांगावें. 'संत तुकाराम' व 'कुंकूं' हे दोन चित्रपट लागोपाठच्या शनिवारीं पाहावे. खांसाहेबांची त्यागराजकृति आज फोनवरहि सांपडते; तिच्या पाठोपाठ दक्षिणेकडच्या गायिकेची लावावी. फादो काकूंच्या उपस्थितींत. मुलांनीं जें आणलें असेल त्याचे शब्द कागदावर मागावे, आणि कागद परत करतांना वाचल्याची एखादी खूण ठेवावी. वाचकांच्या घरीं अलीकडे कोणतें नवें गाणें आलें, तें कोणीं आणलें, आणि त्याला प्रथम 'नको' कोण म्हणालें, हें कळविल्यास आम्हांस मोठा आनंद होईल. एखादें गाणें आमच्या शनिवारच्या बैठकींतहि लावतां येईल.